आमच्या घरातलं कुणी गेलं नाही

लातूरच्या त्या गल्लीत आम्हा बायकांना नाव नव्हतं. आम्ही सगळ्या कुणाच्या तरी आया होतो. भाजीच्या गाड्यावर कुणी ‘तुम्ही कुठल्या’ असं विचारत नसे, ‘किती पडले’ असं विचारत. रविवारच्या टेस्टचे मार्क सांगितले की ओळख पटायची. सहाशेवालीची आई, साडेचारशेवाल्याची आई, गेल्या वर्षी थोडक्यात हुकलेल्या रिपीटरची आई. माझी मुलगी पाचशे सत्तरच्या आसपास असायची, त्यामुळे त्या गाड्यावर मी बऱ्यापैकी मानाची बाई होते. माझ्यासाठी कुणीतरी बाजूला सरकायचं आणि मी भेंडी निवडायची.

मेडिकलच्या परीक्षेच्या क्लाससाठी मुलीला घेऊन मी किनवटहून इथं आले होते. नवरा इस्लापूरजवळच्या शाळेत शिक्षक, त्याला काही नोकरी सोडून येता येणार नव्हतं. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. एक खोली, तिच्यातच गॅस, तिच्यातच दोन पलंग आणि मुलीचं टेबल. मुलगी सकाळी सहाला क्लासला जायची, दुपारी जेवायला यायची, परत जायची, रात्री यायची. आली की वाचत बसायची. मग मी भांडी घासायची तीसुद्धा आवाज न करता. मी मुळात तिरसट आणि बडबडी बाई. किनवटला माझा आवाज तीन घरं ऐकू जायचा. इथं मी स्टीलची वाटी ओट्यावर ठेवतानाही खाली बोट धरायला शिकले.

पहिलं वर्ष असंच सरलं. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर कधीतरी मला पहाटे तीनला जाग यायला लागली. पाचला मुलीला उठवायचं असे, म्हणून काळजीनं जाग येते असं मी धरून चालले. मग चहाची चव गेली. साखर वाढवून बघितली, पत्ती बदलून बघितली. मग भाजीवाल्यासमोर उभं राहिलं की मेथी घ्यावी की पालक हे ठरेना. दोन्ही जुड्या हातात धरून मी उभी, आणि मागच्या बायका खोळंबलेल्या. एकदा काहीच न घेता परत आले आणि मुलीला सांगितलं की आज भाजी चांगली नव्हती.

डोक्यावरून पाणी घेणं मी चार-चार दिवस पुढं ढकलायला लागले. नवऱ्याचा फोन वाजला की नुसती बघत राहायची, वाजून वाजून बंद झाला की बरं वाटायचं. ‘काय करून राहिली तू? फोन का उचलत नाही?’ असं तो विचारायचा तेव्हा पोरगी अभ्यासाला बसली होती असं सांगायचं. हे उत्तर लातूरमध्ये कशालाही चालतं.

रडू मात्र येत नव्हतं, आणि त्यामुळंच मी फसले. माणूस दुःखी असला की रडतो अशी माझी समजूत होती. मला तर काहीच होत नव्हतं. एक दिवस परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, त्यात पाणी ओतलं आणि पुढं काय करायचं ते सुचेना. वयाच्या दहाव्या वर्षापासून मी भाकरी थापते आहे. तरी त्या पिठाकडं बघत बसले. पीठ चिकट झालं, मग वाळायला लागलं. मुलगी जेवायला आली तेव्हा तवा तापून धुरकटला होता आणि मी तिथंच होते.

‘मम्मी, काय झालं?’

‘अशक्तपणा आलाय,’ मी म्हणाले.

आमच्याकडं अशक्तपणाला एकच औषध. सलाईन लावून यायची. ताप असो, भांडण असो, परीक्षा असो, घरात मयत झालेली असो, बाई पडून राहिली की तिला जवळच्या दवाखान्यात नेऊन एक बाटली लावतात आणि तिच्यात पिवळं इंजेक्शन सोडतात. मीही गेले. गल्लीच्या तोंडाशी एका वयस्कर डॉक्टरांचा दवाखाना होता. आतल्या खोलीत तीन खाटा, हिरवा पडदा, छताला मंद पंखा. दीड तास पडून आले आणि खरंच बरं वाटलं. पंधरा दिवसांनी परत गेले. मग आठ दिवसांनी.

पाचव्या वेळी डॉक्टरांनी बाटली लावलीच नाही. रक्ताचे सगळे रिपोर्ट समोर ठेवून म्हणाले, ‘ताई, तुमचं हिमोग्लोबिन माझ्यापेक्षा चांगलं आहे. थायरॉईड ठीक, साखर ठीक. आता अजून एक लावली तर फक्त लघवीला चार वेळा जास्त जाल.’

मी म्हणाले, लावल्यावर बरं वाटतं.

‘लावल्यावर, की इथं खाटेवर पडल्या पडल्या?’

मी विचार केला. खरं सांगायचं तर सुई टोचायच्या आधीच बरं वाटायचं. पडदा ओढला की. तिथं मला पडून राहायची परवानगी होती आणि कुणी उठ म्हणणार नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी एका चिठ्ठीवर मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंचं नाव लिहून दिलं. मला राग आला. हातावर सुईचे डाग घेऊन आलेल्या बाईला हे वेडी म्हणतात की काय, असं वाटलं. चिठ्ठी मी पर्समध्ये घातली आणि कुणाला सांगितलं नाही.

सांगून तरी काय होणार होतं? आमच्या घरात सगळंच परीक्षा झाल्यावर होणार होतं. सासूबाईंचा मोतीबिंदू परीक्षेनंतर. नवऱ्याची दाढदुखी परीक्षेनंतर. किनवटच्या घराची गळती, पुतण्याच्या लग्नाची बोलणी, सगळं परीक्षेनंतर. त्या गल्लीतल्या प्रत्येक खोलीत हेच चाललेलं. एका बाईनं तर गर्भाशयाचं ऑपरेशन पुढं ढकललं होतं आणि ती हे मोठ्या अभिमानानं सांगायची. माझी चिठ्ठी त्या रांगेत कुठंतरी मागं उभी राहिली.

मग तो रविवार आला. मोठी टेस्ट होती, पूर्ण पोर्शनची. हिच्यावरून पुढच्या बॅचा ठरणार होत्या. सातला हजर राहायचं, म्हणून मुलीनं सांगून ठेवलं होतं, ‘मम्मी, पाचला उठव. मला मोबाईलच्या अलार्मनं जाग येत नाही, तूच उठव.’ मी नेहमीप्रमाणे तीनपासून जागी होते. समोर भिंतीवर घड्याळ. पाच वाजले ते मी बघितलं. साडेपाच वाजले तेही बघितलं. मुलगी हाताच्या अंतरावर झोपली होती. नुसतं ‘ऊठ’ म्हणायचं होतं. तोंडातून शब्द निघाला नाही, हात उचलला गेला नाही. मला कळत होतं की हिचं नुकसान होतंय. कळूनसुद्धा मी पडून राहिले. हे मी आजवर बऱ्याच जणांना समजावून सांगायचा प्रयत्न केला, आणि ज्याला हे कधी झालेलं नाही त्याला ते पटत नाही.

सव्वासातला ती स्वतःच दचकून उठली. आधी घड्याळ बघितलं, मग मला.

‘तू जागी होतीस?’

‘हो.’

‘मग उठवलं का नाही?’

‘माहीत नाही.’

मला वाटलं आता ही आकांडतांडव करणार. तिनं केलं असतं तर बरं झालं असतं. ती माझ्या पलंगाच्या कडेला येऊन बसली, माझ्या विस्कटलेल्या वेणीकडं बघत राहिली, आणि मग तिनं वडिलांना फोन लावला. ‘पप्पा, आज निघून या,’ एवढंच म्हणाली.

किनवटहून नांदेड, नांदेडहून लातूर, असा प्रवास करून नवरा संध्याकाळी पोचला. हातात मुलीसाठी घरचा चिवडा होता. सगळं ऐकून घेतल्यावर तो समजुतीच्या सुरात म्हणाला, ‘तीनच महिने राहिले आता. इतकी कळ काढली, अजून थोडी काढू. परीक्षा झाली की नांदेडला मोठ्या डॉक्टरला दाखवू. आत्ता उगाच पोरगी डिस्टर्ब होईल.’

मी मान हलवली. मलाही तेच बरोबर वाटत होतं. अडचण व्हायची नाही, हा माझा जन्माचा शिरस्ता होता.

मुलगी टेबलाशी पाठमोरी बसली होती. वळून म्हणाली, ‘पप्पा, मम्मी डोळे उघडे ठेवून माझ्याकडं बघत होती आणि तिला उठता येत नव्हतं. तीन महिने मी हे बघत अभ्यास करायचा का? आणि परीक्षेनंतर ही तुम्हाला सापडली नाही तर?’

नवरा उठला. चहा घेऊन येतो म्हणून खाली गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा हातात चहा नव्हता. मी पर्समधली चिठ्ठी काढून त्याला दिली.

चिठ्ठीवरच्या दवाखान्यात बाहेर बाकांवर सगळी क्लासची पोरं. तोंडाला रुमाल, शेजारी आई किंवा बाप, आणि कुणी कुणाकडं बघत नव्हतं. काउंटरवरच्या मुलीनं केसपेपर लिहायला घेतला आणि आम्हा दोघांच्या मागं बघत विचारलं, ‘पेशंट कुठाय? मुलगा की मुलगी?’ नवऱ्यानं माझ्याकडं बोट केलं. तिनं पेन थांबवून एकदा माझ्याकडं नीट बघितलं.

डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान होत्या. त्यांनी घाई केली नाही. झोप कशी, भूक कशी, आधी काय आवडायचं आणि ते आता आवडतं का, चूक नसताना स्वतःला दोष देता का, साधी गोष्ट ठरवायला वेळ लागतो का. मी एकेकाचं उत्तर देत गेले. गेले चार महिने मी जे खोलीत एकटी लपवत होते ते यांना जसंच्या तसं माहीत होतं. चहाची चवसुद्धा. मग त्यांनी त्याच आवाजात विचारलं, ‘मरावंसं वाटतं?’

‘मरावंसं नाही वाटत,’ मी म्हणाले. ‘पण उद्या सकाळ झालीच नाही तर चालेल, असं वाटतं.’

शेजारी बसलेल्या नवऱ्यानं माझा हात धरला. लग्नानंतर चारचौघांत पहिल्यांदाच.

त्या म्हणाल्या, याला नैराश्याचा आजार म्हणतात, आळस किंवा नाटक नाही, आणि याला उपचार आहे. नवऱ्याकडं कारण तयार होतं. ‘मॅडम, ही किल्लारीकडची आहे. भूकंपातली. त्याचाच परिणाम होऊन राहिला असेल.’ यात त्याचा दोष नाही. आमच्या भागात पंचवीस वर्षं सगळ्याचं कारण भूकंपच होता. कुणी दारू प्यायला लागलं, कुणाचं शिक्षण सुटलं, कुणाला मूल झालं नाही, तरी लोक म्हणत, भूकंपातले आहेत ना.

‘घरातलं कोण गेलं होतं तेव्हा?’ त्यांनी मला विचारलं.

‘आमच्या घरातलं कुणी गेलं नाही,’ मी म्हणाले, आणि इतक्या वर्षांनीही ते सांगताना मान खाली गेली.

त्यांनी ते लिहून घेतलं. म्हणाल्या, या आजाराला बहुतेक वेळा एकच एक कारण नसतं. काही अंगातच असतं, घराण्यातून आलेलं. काही आयुष्यातून येतं, म्हणजे एका खोलीत दोन वर्षं, माणसं नाहीत, झोप नाही, बोलायची चोरी, सतत कसली तरी भीती. सगळं एका वेळी जमून आलं की माणूस बसतो. मग त्यांनी विचारलं, ‘आई कशी होती तुमची? कधी अशी बसून राहायची?’

भूकंप झाला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. त्याच्या आधी महिनाभर चुलत्याशी वाटणीवरून वाजलं होतं, म्हणून आम्ही गावातलं घर सोडून शेतातल्या आखाड्यावरच्या खोपीत राहायला गेलो होतो. वर हलके पत्रे. त्यामुळं आम्ही वाचलो, आणि गावातली दगडामातीची घरं आतल्या माणसांसकट खाली आली. नंतर सगळ्या गावाला पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं. तिथं बायका भेटल्या की एकमेकींना आधी विचारायच्या, ‘तुमचं कोण कोण गेलं?’ कुणी दोन सांगायची, कुणी पाच. आम्ही काहीच सांगू शकत नव्हतो. लोक आम्हाला नशिबाचे म्हणायचे, आणि म्हणून थोडं लांबही धरायचे.

माझी आई त्या शेडच्या दाराशी बसून राहायची. भांडी पडलेली, केस मोकळे, नजर कुठंच नाही. मला तिचा संताप यायचा. शेजारच्या शेडमधली बाई तीन पोरं गमावून पाणी भरत होती. मी आईला म्हणाले होते, ‘लोकांचं काय काय गेलं, अन् तू कशापायी बसायलीस? तुझं काय गेलंय?’ आईनं पदर तोंडावर ओढून घेतला.

त्याच सुमारास शहरातून काही मुलंमुली वह्या घेऊन आल्या होत्या. शेडमागून शेड, मनाची विचारपूस करत होत्या. आमच्या दारात एक चष्मेवाली मुलगी थांबली. घरात कुणाला झोप लागत नाही का, कुणी जेवत नाही का, असं काहीतरी ती विचारणार होती. तिनं पहिला प्रश्न विचारला, घरातलं कोण गेलं. मी पुढं होऊन सांगितलं, ‘आमच्या घरातलं कुणी गेलं नाही. आम्ही बरे हाव.’ तिनं वहीत खूण केली आणि पुढच्या शेडकडं गेली. आई माझ्या मागं दोन हातांवर बसली होती. हे सगळं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मला रडू आलं.

गोळ्या सुरू झाल्या. लगेच काही झालं नाही. पहिले आठ दिवस तर मळमळ आणि तोंडाला कोरड. मनानं बंद करू नका, तीन-चार आठवडे लागतील, असं बाईंनी बजावलं होतं, आणि दर आठवड्याला त्या माझ्याशी अर्धा तास नुसतं बोलायच्या. नवऱ्यानं रजा टाकली आणि तो खोलीवर येऊन राहिला. भाजीच्या गाड्यावर तो एकटा पुरुष. बायकांनी त्याला चांगलंच धारेवर धरलं, ‘सर, कांदे बघून घ्या, वर्गातल्या पोरांवानी वरून चांगले दिसतेत.’ त्याच्या भाकरीचा नकाशा व्हायचा. मुलगी तो निमूट खायची. महिन्याभरानं एका सकाळी मला जाग आली तर सहा वाजून गेले होते आणि मुलगी क्लासला निघून गेली होती. मी तशीच पडून राहिले, पण यावेळी झोप आली होती म्हणून.

त्या वर्षी मुलीला एमबीबीएस मिळालं नाही, आयुर्वेद मिळालं. ती म्हणते ती खूश आहे. तो रविवार चुकला नसता तर काय झालं असतं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. धाडस होत नाही.

खोली रिकामी केल्यावर किनवटला जायच्या आधी मी माहेरी गेले. भूकंपानंतर वसवलेलं नवं गाव आता नवं राहिलेलं नाही. सरकारी घरांच्या सरळ रांगा, त्यांना पुढं काढलेले पत्रे, दाराशी ट्रॅक्टर. वडील नाहीत आता, भाऊ शेतात गेलेला. आई ओट्यावर बसली होती. तीच बैठक. मी तिच्या शेजारी बसले. माफी मागायची असं ठरवून आले होते, पण आमच्यात तसं बोलायची रीत नाही. म्हणून मला जे प्रश्न विचारले होते तेच मी तिला विचारायला सुरुवात केली. झोप लागते का. जेवण गोड लागतं का. सकाळी उठू वाटतं का. तिनं प्रत्येकाला न्हाई म्हटलं, काही विशेष नसल्यासारखं.

‘भूकंपापासून असं व्हायलंय का गं?’ मी विचारलं.

‘न्हाई. तू झालीस तवापासनं. मधी जातंय, फिरून येतंय.’

मग विचारलं, ‘मंग सगळे भूकंपानं झालं म्हणायचे तवा तू काही बोलली नाहीस?’

‘लोकं भूकंप म्हणले, म्या बी भूकंप म्हणले. कायतरी सांगावं लागतंय की.’ मग ती म्हणाली, ‘त्याच्या आदी तर सांगाया काईच नव्हतं. घरात पाळणा हललेला, सगळे पेढे खायलेले. त्याच्यात कसं सांगू, मला उठू वाटंना म्हणून?’

मी पर्समधली गोळ्यांची पट्टी काढून तिच्या हातात दिली. मला हे झालं होतं, आता बरं आहे, असं सांगितलं. तिनं पट्टी उलटसुलट करून बघितली. कितीतरी वेळ बघितली.

‘ह्या गोळीनं मन लागतंय?’

‘लागतं. लगेच नाही लागत.’

‘मंग मला बी घेऊन चल तिथं,’ आई म्हणाली. ‘तुझं जेवढं वय हाय, तेवढी वरसं झाली.’